सांधा कोणाच्या मालकीचा?

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे नाव सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. अशा ठिकाणापासून जागतिक संगणक-व्यापाराचा विचार सुरू करणे कित्येकांना विक्षिप्त वाटेल. परंतु गव्हाणीत पडणाऱ्या उसाचा हिशेब किती वह्यांतून फिरतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तसे वाटणार नाही. कोणताही सहकारी साखर कारखाना घ्या. उसाची नोंद शेती विभागाकडे असते. टोळी, मुकादम आणि वाहन यांचा हिशेब तोडणी-वाहतूक विभागाकडे, वजन काट्यावर, उतारा प्रयोगशाळेत, बिल हिशेब विभागात. त्यानंतर गावची विकास सोसायटी आपले पीककर्ज कापून घेते, जिल्हा मध्यवर्ती बँक उरलेली रक्कम खात्यावर जमा करते आणि पुण्याच्या साखर आयुक्तालयाला गाळप किती झाले, एफआरपी किती दिली, याचा तपशील हवा असतो. एकाच उसाची ही सात-आठ ठिकाणची नोंद. आज यांतील बहुतेक ठिकाणी संगणक आला आहे. आता हे संगणक परस्परांशी बोलणार कसे, आणि त्यांच्यामधला दुभाष्या कोणाचा चाकर असणार, हा प्रश्न उभा आहे. सहकारी चळवळीत आणि कष्टकऱ्यांच्या संघटनांत काम करणाऱ्यांनी तो तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे परवडणारे नाही.

रचना चांगली, व्यापार वेगळा

प्रथम विषय समजून घेऊ. दहा खात्यांचे दहा संगणक असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी स्वतंत्रपणे जोडायचे असेल, तर पंचेचाळीस जोडण्या कराव्या लागतात. एका खात्याने आपली पद्धत बदलली की त्याच्या नऊ जोडण्या तुटतात. मोठ्या उद्योगांना या गुंत्याचा अनुभव १९९० नंतरच्या दशकात प्रकर्षाने आला. त्यावर जो उपाय पुढे आला त्याला सेवाधारित रचना म्हणतात. अमेरिकेतील गार्टनर या सल्लागार संस्थेने हे नाव १९९६ मध्ये प्रचारात आणले. कल्पना अगदी साधी आहे. प्रत्येक खात्याने आपली वही आपल्याकडेच ठेवावी, परंतु बाहेरच्यांसाठी एक खिडकी उघडावी आणि खिडकीवर पाटी लावावी, की अमुक नमुन्यात विचारणा करा, तमुक नमुन्यात उत्तर मिळेल. काटा विभागाच्या खिडकीवर पावती क्रमांक दिला की वजन मिळावे. ते वजन आत कोणत्या यंत्रात आणि कोणत्या भाषेत साठवले आहे, याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नाही. मनीऑर्डरचा फॉर्म भरून देणाऱ्याला डाकगाडीचे वेळापत्रक माहीत असावे लागत नसे, तसेच हे. सर्व खिडक्यांमधली ने-आण करण्यासाठी मध्ये एक सामायिक मार्ग असतो. पंचेचाळीस जोडण्यांचे काम मग दहांवर भागते.

या कल्पनेत आक्षेपार्ह काही नाही. किंबहुना ती समाजवादी विचाराला जवळचीच म्हणावी लागेल. नमुने सर्वांचे, जाहीर आणि समान असावेत, कोणा एका विक्रेत्याच्या गुपितावर व्यवहार अवलंबून राहू नये, हेच तिचे मूळ आश्वासन होते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके तयार झाली. निरोपांची देवाणघेवाण कशी करावी यासंबंधीच्या ‘सोप’ या मानकाची १.२ ही आवृत्ती २००३ मध्ये मान्य झाली. नमुने सर्वांचे झाल्यावर आजचा विक्रेता उद्या सहज बदलता येईल, असे ग्राहकांना वाटले.

प्रत्यक्षात काय घडले? ज्या कंपन्यांनी मानके लिहिण्यात भाग घेतला, त्यांनीच मानकांभोवती आपापली खास अवजारे रचली. खिडकी सर्वांना खुली राहिली. खिडक्यांना जोडणारा रस्ता मात्र टोलनाक्याचा झाला. मग टोलनाके विकत घेण्याची स्पर्धा सुरू झाली. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये सीबियाँड घेतली. २००७ मध्ये जर्मनीच्या सॉफ्टवेअर एजी कंपनीने वेबमेथड्स घेतली. २००८ मध्ये ओरॅकलने सुमारे ८५० कोटी डॉलर मोजून बीईए ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी गिळली आणि २०१० मध्ये खुद्द सनही तिच्याच पोटात गेली. टिबको २०१४ मध्ये एका गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात गेली. म्यूलसॉफ्ट २०१८ मध्ये सेल्सफोर्सने सुमारे ६५० कोटी डॉलरना घेतली. सॉफ्टवेअर एजीकडे गेलेली वेबमेथड्स २०२४ मध्ये आयबीएमच्या पदरात पडली. स्पर्धेतून मक्तेदारी निर्माण होते हे जुने सूत्र इतक्या थोड्या वर्षांत इतके स्वच्छ क्वचितच पाहावयास मिळते.

यावर ‘मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरा’ असे उत्तर आपले काही मित्र देतात. ते योग्य आहे, पण अपुरे आहे. जेबॉस ही मुक्त स्रोतातील नामवंत प्रणाली २००६ मध्ये रेड हॅटकडे गेली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ३,४०० कोटी डॉलरना रेड हॅटच विकत घेतली. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत २००५ मध्ये डब्ल्यूएसओटू ही कंपनी याच क्षेत्रात मुक्त स्रोताच्या पायावर उभी राहिली आणि जगभर पोचली. आशियाच्या या कोपऱ्यातील माणसेही सांधा बनवू शकतात हे तिने सिद्ध केले. परंतु २०२४ मध्ये स्वीडनमधील ईक्यूटी या गुंतवणूक संस्थेने तीही घेतली. मूळ संकेत खुला राहतो हा लाभ मोठा आहे, कारण तो घेऊन दुसरा कोणी काम पुढे चालवू शकतो. मात्र तो दुसरा कोणी तयार ठेवण्याचे काम मुक्त परवाना आपोआप करीत नाही. त्यासाठी संस्था लागतात.

नावाचा गोंधळही ध्यानात ठेवावा. ॲन टॉमस मेन्स या अमेरिकी विश्लेषक बाईंनी जानेवारी २००९ मध्ये सेवाधारित रचनेचा मृत्यूच जाहीर केला. सेवा मात्र राहतील, असे त्याच लेखात म्हटले होते. पुढे ‘मायक्रोसर्व्हिसेस’ आली, ‘एपीआय’चा बोलबाला झाला. प्रत्येक नव्या नावाबरोबर जुने गिऱ्हाईक पुन्हा नव्याने खरेदीला उभे राहते. आपल्या दृष्टीने प्रश्न तोच राहतो: सांधा कोणाचा, आणि तो मोडला तर भरपाई कोण करणार?

कर्जमाफीचा धडा

महाराष्ट्राने या प्रश्नाची किंमत एकदा मोजली आहे. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, असे आकडे सांगण्यात आले. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी ६६ रकान्यांचा तक्ता भरून द्यायचा आणि दोहोंची जुळणी संगणकाने करायची, अशी योजना होती. १८ ऑक्टोबरला ऐन दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर बँकांच्या हाती आलेल्या याद्यांत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक असल्याचे उघड झाले आणि वाटप खोळंबले. राष्ट्रीयीकृत बँकेची वही एका पद्धतीची, जिल्हा बँकेची दुसऱ्या, सोसायटीची तिसऱ्या. एका ठिकाणी नाव आडनावापासून सुरू, दुसरीकडे शेवटी. खिडक्यांवर पाट्याच नव्हत्या आणि वाहतूक सुरू केली गेली. त्याचा भुर्दंड सेवा केंद्राच्या दारात रात्री-अपरात्री रांगा लावणाऱ्या शेतकऱ्याने भरला.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्ज मागविण्यात आले नाहीत. बँकांनी आपल्या खात्यांची यादी द्यायची आणि शेतकऱ्याने आधारने ओळख पटवून ती मान्य करायची, एवढेच ठेवण्यात आले. पहिल्या याद्या फेब्रुवारी २०२० मध्ये लागल्या. आधी ठरवून घेतले तर सांधा नीट बसू शकतो, एवढा निष्कर्ष यातून निघतो. आणखी एक निघतो. दोन्ही वेळा शेतकऱ्याचे भवितव्य एका जुळणीवर अवलंबून होते आणि ती जुळणी कोणत्या नियमाने झाली हे त्याला कोणीही सांगितले नाही.

टेंभलीपासून पुढे

पुरुषोत्तमनगर ज्या शहादा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. आधार ही तांत्रिक दृष्ट्या सेवाधारित रचनेचीच एक अवाढव्य खिडकी आहे. क्रमांक आणि बोटाचा ठसा आत द्यायचा. ‘होय’ किंवा ‘नाही’ बाहेर येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी कंपन्यांचा या खिडकीवरील सरसकट हक्क काढून घेतला. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मर्यादित वाट पुन्हा उघडण्यात आली आणि कंपन्यांसाठी दर ठरले: संपूर्ण ओळखपत्र-पडताळणीस वीस रुपये, नुसत्या होय-नाहीस पन्नास पैसे. खिडकी सार्वजनिक मालकीची असल्यामुळेच न्यायालय तिला शर्ती घालू शकले आणि संसद तिच्यावर कायदा करू शकली. ती एखाद्या कंपनीची असती, तर दराचा निर्णय परदेशातील संचालक मंडळाच्या बैठकीत झाला असता.

परंतु सार्वजनिक मालकी हीसुद्धा पुरेशी हमी नव्हे, हेही टेंभलीच्या परिसरातच दिसते. ऊस तोडणाऱ्या, माती खणणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात आणि झिजलेला ठसा यंत्र नाकारते. ‘नाही’ हे उत्तर आल्यावर पुढे कोणाकडे जायचे, याची खिडकी त्या रचनेत मुळातच दुबळी ठेवली गेली. जोडणाऱ्याने जे मोजायचे ठरवले तेवढेच जोडले जाते. उरलेला माणूस बाहेर राहतो.

ऊसतोडणीचे उदाहरण याहून बोलके आहे. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणण्याची रीत आहे. उचल कोयत्यावर, मजुरी कोयत्यावर. त्या बाईचे नाव मुकादमाच्या वहीत नाही. ते जसेच्या तसे संगणकात नेले तर तेथेही ती असणार नाही. आधुनिक प्रणालीने वही बदलली, वहीतला अन्याय सुरक्षित ठेवला, असे होईल. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी टोळ्या हंगामात सुरत जिल्ह्यातील साखर कारखान्यांकडे जातात. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० नंतरच्या दशकात बारडोली परिसरात या स्थलांतराचा सविस्तर अभ्यास केला होता. काट्यावरचे वजन क्षणात बँकेपर्यंत पोचविणारी व्यवस्था उभी राहत असताना, या टोळीची उचल किती फिटली, किती उरली, हे मात्र मुकादमाच्या तोंडी हिशेबावरच राहते. ही तंत्राची अडचण खचित नव्हे. उसाचे वजन जोडण्यात कोणाचा तरी फायदा आहे. मजुराचा हिशेब जोडण्यात त्याच्याखेरीज कोणाचाच नाही.

याच शहादा तालुक्यात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी भिल्ल आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा लढा उभारला. कागद दुसऱ्याच्या हाती असला की जमीन कशी जाते, हे त्या पिढीने अनुभवले होते. आज कागदाची जागा संगणकातील नोंदीने घेतली आहे. सत्तेचे सूत्र तेच आहे.

सोसायटीचा सचिव आणि इंग्लंडचा पोस्टमास्तर

२९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावची सोसायटी, जिल्हा बँक, राज्य बँक आणि नाबार्ड ही साखळी एका सामायिक प्रणालीने जोडण्याचा हा कार्यक्रम आहे. सोसायटीचा हिशेब पारदर्शक व्हावा याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. तथापि दोन गोष्टी स्पष्टपणे बोलल्या पाहिजेत.

एक, सहकार हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय निघाले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीतील राज्यांच्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला. जे कायद्याने करता येत नाही ते सामायिक सॉफ्टवेअरने होऊ शकते. कर्ज कोणत्या निकषावर मंजूर व्हावे, कोणता रकाना सक्तीचा असावा, हे एकदा मध्यवर्ती प्रणालीत लिहिले गेले की संस्थेच्या वार्षिक सभेचा ठराव कागदावर राहतो.

दुसरी गोष्ट इंग्लंडच्या टपाल खात्याने शिकवली आहे. तेथील पोस्ट कार्यालयांत १९९९ पासून फुजित्सू कंपनीची होरायझन ही हिशेबप्रणाली बसविण्यात आली. प्रणालीतील दोषांमुळे तूट दिसू लागली. संगणक चुकत नाही असे गृहीत धरून नऊशेहून अधिक उपपोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर आणि खोट्या हिशेबाच्या गुन्ह्यांत दोषी ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे दिवाळे निघाले. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. वीस वर्षे लागली, आणि तीही जेथे वृत्तपत्रे व वकील जागे आहेत अशा देशात. आपल्याकडे सोसायटीच्या गटसचिवावर असा प्रसंग आला, तर त्याच्या बाजूने कोण उभे राहणार? त्या नोंदीचा तांत्रिक इतिहास मागण्याचा हक्क त्याला कोणत्या कलमाने आहे?

कार्यकर्त्यांपुढील काम

संगणकाला सरसकट विरोध करण्याचे दिवस गेले. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणासंबंधी करार केला तेव्हा मुख्य प्रश्न नोकऱ्यांचा होता. तो आजही आहेच. जोडणीची अवजारे अमेरिकेत विकली जातात. ती बसविण्याचे तासांवर मोजले जाणारे काम हिंजवडीतील मुले करतात, आणि त्यांत शहाद्या-धुळ्याकडची मुलेही आहेत. २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा त्यांना आपण कामगारच आहोत याची आठवण झाली. या मुलांशी आपला संपर्क असला पाहिजे, कारण सांध्यातील खाचाखोचा त्यांना माहीत आहेत.

परंतु नोकऱ्यांच्या जोडीला आता मालकीचा प्रश्न आला आहे. साखर कारखाना, सोसायटी वा जिल्हा बँक जेव्हा अशी प्रणाली घेईल, तेव्हा सभासदांनी वार्षिक सभेत पुढील मागण्या ठेवाव्यात. नोंदींची मालकी संस्थेची राहील आणि करार संपल्यावर त्या खुल्या नमुन्यात परत मिळतील, असे करारात लिहिलेले असावे. खिडक्यांवरचे नमुने, म्हणजे ऊस-नोंदणी, वजन, बिल, कर्जवसुली यांचे, राज्यभर एकच आणि जाहीर असावेत. ते कोणत्याही विक्रेत्याचे गुपित नसावे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि खुल्या एपीआयसंबंधी धोरणे जाहीर केली आहेत. सहकाराने त्यांचा आधार घ्यावा. पुण्यात १९८८ पासून सी-डॅक आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. सर्व कारखान्यांनी मिळून एक सामायिक मार्ग या संस्थांकडून उभा करून घेणे, प्रत्येकाने स्वतंत्रपणे परवाना विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचे ठरेल.

काट्यावर छापील पावती मराठीत मिळालीच पाहिजे. वजनकाटे ऑनलाइन करा ही मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरली आहे आणि ती रास्त आहे; मात्र ऑनलाइन गेलेला आकडा शेतकऱ्याच्या हातातील पावतीशी ताडता आला नाही, तर काटामारी केवळ वेगवान होईल. हिशेबात तफावत निघाल्यास प्रथम प्रणालीची तपासणी आणि मगच माणसाची, असा नियम सहकार खात्याने करावा. प्रत्येक तोडणी मजुराची, आणि बाईची स्वतंत्रपणे, नावानिशी नोंद व्हावी आणि आपली उचल-मजुरी पाहण्याचा हक्क तिला असावा.

यंत्रावर सर्व खापर फोडण्याची किंवा यंत्राकडून सर्व अपेक्षा करण्याची चूक मात्र टाळावी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात; विलंब झाल्यास पंधरा टक्के व्याज. हे पैसे थकतात तेव्हा संगणक संथ आहे म्हणून थकत नाहीत. बिल तासाभरात तयार झाले तरी ते देण्याची बुद्धी सांध्यातून येत नसते. ती संघटित सभासदांच्या रेट्यानेच येते.

तेव्हा येत्या वार्षिक सभेला जाताना ताळेबंदाबरोबर संगणक प्रणालीचा करारही मागून घ्यावा. बहुधा तो इंग्रजीत असेल, लांबलचक असेल आणि ‘तांत्रिक बाब’ म्हणून पुढे सरकवला जाईल. तो मराठीत भाषांतरित करून मागावा आणि त्यातील एकच कलम आधी शोधावे: करार तुटल्यावर वही कोणाकडे राहणार?